औषधाच्या पाकिटावरचं इंग्रजी

(गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात मंडळाच्या सभासदांसमोर केलेलं भाषण)



काल याच व्यासपीठावर नाट्यसंगीत झालं, उद्या मुलांची एकांकिका आहे. या दोन्हींच्या मध्ये तुम्ही एका निवृत्त औषधविक्रेत्याला उभं केलंत, तेव्हा कार्यकारिणीचं धाडस मोठंच म्हणायचं. विषय कोणता, असं मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, रोगांवर बोलणार नाही, तो डॉक्टरांचा प्रांत आहे. मी शब्दांवर बोलेन. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि औषधाच्या पाकिटावर जे इंग्रजी असतं, त्यावर.

समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक बँकेतून, रेल्वेतून नाहीतर युनिव्हर्सिटीतून निवृत्त झालेले आहेत. जन्मभर इंग्रजीत टिपणं लिहिली, आता आम्हांला हा काय इंग्रजी शिकवणार, असं मनात येणं साहजिक आहे. पण काउंटरच्या पलीकडे उभं राहून इतकी वर्षं जे पाहिलं त्यावरून सांगतो, या बाबतीत इंग्रजी येणारी माणसंच जास्त फसतात. ज्याला येत नाही तो विचारतो, "भाऊ, ही कशी घ्यायची?" ज्याला येतं तो वाचतो, आणि वाचलं म्हणजे कळलं असं धरून चालतो.

आता एसओएस घ्या. चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे डॉक्टर एसओएस लिहितात. आपल्याला माहीत असलेलं एसओएस म्हणजे बुडत्या जहाजाचा संदेश. त्यामुळे एक गृहस्थ तापाची गोळी घरात ठेवूनही घेत नव्हते. ताप एकशे दोनवर गेला तरी म्हणत होते, "एवढी काही इमर्जन्सी नाही." आणि याच्या उलट, दुसऱ्या एका बाई ती गोळी दिवसातून तीनदा नियमाने घेत होत्या, कारण एसओएस म्हणजे फार महत्त्वाची असणार! खरं तर ते इंग्रजी नाहीच. ते लॅटिन आहे, सी ओपुस सित, म्हणजे 'गरज पडली तर'. ताप आला, दुखायला लागलं, तर घ्या. नसेल तर नका घेऊ. इतका साधा अर्थ.

चिठ्ठीवरची बहुतेक अक्षरं अशी लॅटिनच आहेत. वरच्या कोपऱ्यात आर आणि एक्स जोडून काढलेलं चिन्ह असतं, ते 'रेसिपे' या शब्दाचं, म्हणजे 'घ्या'. स्वयंपाकाची रेसिपी तीच. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. स्टॅट म्हणजे आत्ता, ताबडतोब. त्यातही गंमत अशी की डोळ्यांच्या डॉक्टरांनी ओडी लिहिलं तर ते 'उजवा डोळा' असू शकतं, आणि अमेरिकेतल्या नातवाला तुम्ही फोनवर "मी ही गोळी ओडी घेतो" असं सांगितलंत तर तो घाबरून रुग्णवाहिका बोलावेल, कारण तिकडे ओडी म्हणजे ओव्हरडोस. आपल्याकडे १-०-१ असं लिहायची जी पद्धत पडली आहे, सकाळ-दुपार-रात्र, ती मला या सगळ्या लॅटिनपेक्षा शहाणी वाटते. शून्याला भाषा नसते.

पण १-०-१ मध्ये एक गोष्ट मावत नाही, ती म्हणजे आठवडा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चिठ्ठीवर 'वन्स वीकली' लिहिलेलं असतं, पण आपला हात सवयीने रोज डब्याकडे जातो. ही गोळी रोज घेतली गेली तर रक्त तयार होण्याचं काम बंद पडायला लागतं, तोंड सोलून निघतं, आणि माणूस दगावूही शकतो. जगभर असं घडलेलं आहे. तुमच्या घरात कोणाला ही गोळी चालू असेल तर पाकिटावर मराठीत, मोठ्या अक्षरांत वार लिहून ठेवा. 'फक्त रविवार'. बाकीच्या गोळ्यांच्या डब्यात ती मिसळूच नका.

आता औषधांच्या रूपांकडे वळतो. टॅबलेट, कॅप्सूल, सिरप हे शब्द आता मराठीच झाले आहेत, त्यांचं भाषांतर करायला मी सांगणार नाही. फक्त त्यांची नाती सांगतो, कारण ती पाहिली की हे शब्द परके वाटत नाहीत. सिरप हा शब्द अरबी 'शराब'वरून युरोपात गेला. अरबीत त्या धातूचा अर्थ नुसता 'पिणे' असा आहे. आपलं उन्हाळ्यातलं सरबत त्याच घरातलं. म्हणजे खोकल्याचं सिरप आणि कोकमाचं सरबत ही सख्खी भावंडं, आणि तिसऱ्या भावाचं नाव गुजरातमध्ये राहून मी मोठ्याने घेत नाही. डोस हा ग्रीक शब्द, 'देणे' या अर्थाचा, आपल्या 'दान'चा लांबचा भाऊ. आणि खोकल्याच्या बाटलीवर कधीकधी 'लिंक्टस' असं लिहिलेलं असतं. तो लॅटिन 'चाटणे'वरून आला. आपल्या वैद्यांचा अवलेह 'लिह्' धातूवरून आला, तोही 'चाटणे'च. दोन्ही धातूंचं मूळ एकच आहे. च्यवनप्राश आणि लिंक्टस चुलत भाऊ आहेत हे कळल्यावर लिंक्टस कसं घ्यायचं तेही कळतं. घशावरून सावकाश उतरू द्यायचं, वर लगेच पेलाभर पाणी ओतायचं नाही.

बडोद्यात राहून आपण रोज आणखी एक औषधी शब्द उच्चारतो आणि तो शब्द आहे हे विसरतो. ॲलेम्बिक. अमुक ठिकाण ॲलेम्बिकजवळ आहे, तमक्याचे वडील ॲलेम्बिकमध्ये होते. ॲलेम्बिक म्हणजे अर्क काढायचं, ऊर्ध्वपातनाचं भांडं. मूळ ग्रीक, अरबीतून 'अल अंबीक' होऊन आलेलं. 1907 साली ही कंपनी निघाली ती प्रा. त्रिभुवनदास गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्या हातून, आणि सुरुवातीला टिंक्चरं आणि अल्कोहोल हाच माल होता, तेव्हा नाव अगदी चपखल. हे गज्जर सयाजीराव महाराजांच्या कलाभवनाचे. कलाभवन 1890 चं, तिथे धंदेशिक्षण देशी भाषेत द्यायचं हा आग्रह होता. आणि याच महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांसाठी अनेक भाषांचा कोश करवून घेतला, 'सयाजीशासनशब्दकल्पतरु', 1931 मध्ये तो छापून निघाला. कारकुनाला कागदावरचा शब्द कळला पाहिजे, नाहीतर रयतेचं नुकसान होतं, हे ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी मानलं गेलं, त्या गावात औषधाच्या कागदाबद्दल बोलायला मला संकोच वाटत नाही.

तर रूपं. 'सस्पेन्शन' लिहिलेलं असेल तर औषध द्रवात विरघळलेलं नसतं, तरंगत असतं आणि तळाशी बसतं. न हलवता प्यायलात तर पहिले चार दिवस नुसतं गोड पाणी आणि शेवटच्या दिवशी सगळं औषध एकदम. म्हणून 'शेक वेल'. 'ड्राय सिरप'मध्ये पावडर असते. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, आणि पाकिटावर लिहिलेल्या दिवसांनंतर उरलेलं फेकून द्यायचं. मागच्या आजारातलं फ्रीजच्या दारात जपून ठेवलेलं तसलं औषध म्हणजे काटकसर नव्हे.

'ड्रॉप्स' आणि 'सिरप' यांत घोळ करू नका, विशेषतः नातवंडं घरी आली असताना. तापाच्या औषधाचे ड्रॉप्स तान्ह्या बाळांसाठी असतात, म्हणून आजीला वाटतं ते पातळ, सौम्य असणार. उलट आहे. ड्रॉप्समध्ये औषध दाट असतं. नेहमीच्या ड्रॉप्सच्या एका एमएलमध्ये शंभर मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, आणि नेहमीच्या सिरपच्या पाच एमएलमध्ये सव्वाशेच्या आसपास. सिरपच्या चमच्याने ड्रॉप्स दिले तर बाळाला चौपट औषध जातं. आणि चमचा म्हणजे तरी कुठला? 'टीस्पून' पाच एमएल, 'टेबलस्पून' पंधरा. आपल्या घरातला चमचा यांपैकी कोणताच नसतो, तो साखरेच्या डब्यातला असतो. बाटलीवरचं टोपण किंवा सोबत दिलेली पिचकारीच वापरा.

कॅप्सूल दिसली की गिळायची, हा आपला समज. पण दम्यासाठी ज्या कॅप्सूल येतात, त्या एका लहानशा यंत्रात घालून, फोडून, आतली पूड श्वासाबरोबर ओढायची असते. एक आजी महिनाभर त्या पाण्याबरोबर गिळत होत्या आणि दम कमी होत नाही म्हणून डॉक्टर बदलायच्या विचारात होत्या. पाकिटावर 'फॉर इनहेलेशन' छापलेलं होतं. चिरंजीव इंजिनिअर! त्यानेच आणून दिली होती, पण वाचायचं कोणाला सुचलं नाही. तसंच 'सबलिंग्वल' म्हणजे जिभेखाली ठेवायची गोळी, छातीत दुखू लागल्यावरची. ती गिळली तर तिचा गुण उशिरा आणि कमी येतो, आणि त्या वेळी मिनिटं मोजायची असतात.

गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, सीआर अशी अक्षरं असली तर ती शोभेची नसतात. ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. गिळता येत नाही म्हणून बत्त्याने कुटून मधात दिली, तर दिवसभराचं औषध एका तासात अंगात जातं. ईसी किंवा 'एन्टेरिक कोटेड' म्हणजे पोटातल्या आम्लाला तोंड देऊन पुढे आतड्यात विरघळणारी, तीही फोडायची नाही. डीटी मात्र पाण्यात विरघळवूनच द्यायची असते. आमच्या पिढीला कंपाउंडरच्या हातचं लाल मिक्स्चर आठवतं, बाटलीला चिकटवलेली कागदाची कातरलेली पट्टी, एका खाचेएवढा एक डोस. निरक्षर माणसालाही कळेल अशी ती पट्टी होती. त्याची सर आजच्या चकचकीत पाकिटाला नाही, असं माझं मत आहे. बाकी त्या लाल पाण्यात काय असायचं ते विचारू नका.

आता जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. पाकिटावर दोन नावं असतात. एक कंपनीने ठेवलेलं, ब्रँडचं. दुसरं औषधद्रव्याचं, ज्याला जेनेरिक म्हणतात. आपण पहिलं लक्षात ठेवतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर. ब्लडप्रेशरची गोळी वर्षानुवर्षं चालू. मधे काही कारणाने इस्पितळात राहून आले, येताना गोळ्यांची नवी यादी मिळाली. त्या यादीत ब्लडप्रेशरची वेगळ्या नावाची गोळी होती. मास्तर शिस्तीचे. जुनी चालूच ठेवली, नवीही सुरू केली. पंधरा दिवसांत पाय सुजले, उठताना भोवळ यायला लागली, एकदा न्हाणीघरात पडले. दोन्ही पाकिटं माझ्यापुढे ठेवली तेव्हा दिसलं, दोन्हींवर खाली एकच शब्द होता, ॲम्लोडिपीन. नाव वेगळं, रंग वेगळा, औषध तेच, दुप्पट. मी त्यांना त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे पाठवलं. नशीब, हाड मोडलं नव्हतं.

ही द्रव्यांची नावं कोणी मनात येईल तशी ठेवलेली नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1950 मध्ये त्यासाठी पद्धत ठरवली आणि 1953 मध्ये पहिली यादी काढली. एका कुळातल्या औषधांना एकच शेपूट. आपल्याकडे आडनावाच्या शेवटी 'कर' आलं की मागे गाव असणार हे आपण ओळखतो, तसंच. शेवटी 'डिपीन' आलं की ते ॲम्लोडिपीनच्या कुळातलं. 'सार्टन' आलं, टेल्मिसार्टन, लोसार्टन, तीही ब्लडप्रेशरचीच, पण दुसऱ्या घराण्याची. 'प्रिल'वाली, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो, आणि मग ती मंडळी महिनोन्महिने खोकल्याची बाटली पीत बसतात. 'ओलॉल'वाली, मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, ही नाडीचा वेग कमी करतात, ती मनाने अचानक बंद करायची नाहीत. 'स्टॅटिन' कोलेस्टेरॉलची. 'ग्लिप्टिन' मधुमेहाची. 'प्राझोल' आम्लपित्ताची, पँटोप्राझोल, ओमेप्राझोल. त्यातही एक उपरा आहे, ॲरिपिप्राझोल. तो मानसिक आजारावरचा, त्याची शेपटी पूर्ण वाचली तर 'पिप्राझोल' अशी आहे. सगळे 'कर' कोकणातले नसतात, तसं हे.

आणि 'सिलिन'. तुम्हांला किंवा घरात कोणाला पेनिसिलिनची ॲलर्जी असेल, पूर्वी कधी इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास कोंडला असेल, तर ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन हीसुद्धा त्याच कुळातली आहेत. पाकिटावर ब्रँडच्या नावात 'सिलिन' दिसेलच असं नाही, ते खालच्या नावात असतं. "मला पेनिसिलिन चालत नाही" हे वाक्य दातांच्या डॉक्टरांकडे, प्रवासात, कुठेही, विचारलं नाही तरी सांगायचं. इंग्रजीत सांगायचं असेल तर शब्द 'ॲलर्जिक' हाच वापरा. "डझन्ट सूट मी" म्हटलं तर समोरच्याला वाटतं पोट बिघडत असेल.

प्रकारांच्या नावांबद्दल थोडं. आपण 'पेनकिलर' हा एकच शब्द सगळ्यांना लावतो. पॅरासिटामॉल ताप आणि दुखणं कमी करतं, सूज फारशी नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सूजही कमी करतात, पण पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, ब्लडप्रेशर वाढवू शकतात. गुडघ्यासाठी दुसऱ्या जातीची गोळी डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने घेणारे इथे किती आहेत, हात वर करायला सांगत नाही. 'गॅसची गोळी' हे नावही असंच दिशाभूल करणारं. ती आम्ल कमी करणारी असते, आणि बहुधा उपाशीपोटी घ्यायची असते. जेवणानंतर पोट फुगल्यावर ती घेऊन "गुण येत नाही" असं म्हणण्यात अर्थ नाही. 'ब्लड थिनर', रक्त पातळ करणारी गोळी, हिने रक्त पातळ होत नाही. रक्ताची गुठळी होण्याची क्रिया मंदावते. 'पातळ' या शब्दाने घाबरून काही जण ती सोडून देतात, आणि स्टेंट बसवलेल्या माणसाने ती मनाने सोडणं किती महागात पडतं ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. 'डाययुरेटिक' म्हणजे लघवी वाढवणारी. ती सकाळी घ्यायची, नाहीतर रात्रभर जागरण. आणि खोकल्यात 'एक्स्पेक्टोरंट' म्हणजे छातीतला कफ सुटायला मदत करणारं, तर 'सप्रेसंट' म्हणजे खोकल्याची उबळच दाबणारं. कफ भरलेला असताना दुसरं घेतलं तर कफ आतच राहतो.

'पॉवर' या शब्दाने तर मला दुकानात फार छळलं. "पाचशे पॉवरची द्या, साडेसहाशे नको." मिलिग्रॅम हे वजन आहे, ताकद नव्हे. ॲम्लोडिपीनची पाच मिलिग्रॅमची गोळी पाचशेच्या पॅरासिटामॉलपेक्षा शंभरपट दुबळी नसते. दोन वेगळ्या औषधांच्या आकड्यांची तुलना म्हणजे किलोभर बटाटे आणि तोळाभर सोनं. थायरॉइडच्या गोळीवर तर एमसीजी असतं, मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅमचा हजारावा भाग. त्यामुळे चिठ्ठीची नक्कल करून मुलाला मोबाइलवर पाठवताना ते मधलं 'सी' गाळू नका.

मुलांवरून आठवलं. आपल्यापैकी बरेच जण दर वर्षी सहा महिने मुलांकडे अमेरिकेत जातात. तिकडे दुकानात पॅरासिटामॉल मागितलंत तर पोरगा तुमच्या तोंडाकडे बघत राहील. तिकडे त्याचं नाव ॲसिटॅमिनोफेन. एकाच लांबलचक रासायनिक नावातून इंग्लंडने काही अक्षरं उचलली, अमेरिकेने दुसरी. हे माहीत नसल्याचा धोका असा की आपण इथून नेलेली तापाची गोळी घेतो, वर सून प्रेमाने तिथल्या सर्दीच्या औषधाचा घोट देते, आणि त्यातही ॲसिटॅमिनोफेन असतं. धडधाकट मोठ्या माणसालाही सगळं मिळून दिवसाला चार ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, यकृताला ते झेपत नाही. दारू घेणाऱ्यांना आणि यकृताचा विकार असणाऱ्यांना मर्यादा त्याहून कमी, ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. जाताना सामानात ठेपले आणि मेतकूट यांच्याबरोबर औषधांची यादी न्या, पण ब्रँडच्या नावांची नको. तिथल्या डॉक्टरांना ती वाचता येणार नाही. द्रव्याचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, आणि कशासाठी. हा चौथा रकाना आपण नेहमी गाळतो. कशासाठी, ते मराठीत लिहिलं तरी चालेल, मुलगा वाचून सांगेल.

माझी वेळ संपत आली असं सचिव घड्याळाकडे बोट दाखवून सांगताहेत. आजच्या पत्रिकेत लिहिलं होतं की येताना चालू औषधांची पाकिटं घेऊन या, आणि बऱ्याच जणांच्या हातात पिशव्या दिसताहेत. डावीकडच्या टेबलावर मी बसतो, सोबत दोन तरुण फार्मासिस्ट आहेत. डोस कमी करा, गोळी बंद करा असं आम्ही काही सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. आम्ही फक्त प्रत्येक पाकिटावरचं दुसरं नाव वाचून तुमच्या वहीत देवनागरीत लिहून देऊ, आणि दोन पाकिटांवर एकच नाव निघालं तर त्याखाली लाल रेघ मारू. रांग लावा, पण आधी आजोबा-आजींना पुढे येऊ द्या.